आग्वाद : किल्ला, तुरुंग, संग्रहालय

आग्वादच्या किल्ल्याचे दोन भाग आहेत आणि विदर्भातून गोव्याला जाणारा प्रवासी बहुधा त्यातला एकच पाहून परततो. टेकाडावरचा वरचा किल्ला सगळ्यांना ठाऊक असतो. जांभ्या दगडाची रुंद तटबंदी, कोरडा खंदक, मधोमध उभे असलेले जुने दीपगृह आणि पलीकडे पसरलेला अरबी समुद्र. सहलीच्या गाड्या इथेच थांबतात, फोटो निघतात, अर्ध्या-पाऊण तासात गाड्या कळंगुटकडे वळतात. खालचा भाग मांडवी नदीच्या मुखाशी, पाण्याला लागून आहे. पोर्तुगीज जहाजांना तिथे सुरक्षित नांगर टाकता येत असे. त्याच खालच्या भागात गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग होता आणि तो २०१५ सालापर्यंत वापरात होता. कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवल्यावर या इमारतींची डागडुजी झाली. १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीला साठ वर्षे झाली त्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते तिथे स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय सुरू झाले.

मराठी माणसाचे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे वरोरा-चंद्रपूरच्या माणसाचेही, या किल्ल्याशी असलेले नाते खालच्या भागात आहे. ते कळायला मात्र सुरुवात वरूनच करावी लागते.

किल्ला बांधला गेला तो १६०९ ते १६१२ या काळात, व्हाइसरॉय रुई द ताव्होरा याच्या कारकिर्दीत. शत्रू होते डच. मिरी-मसाल्याच्या व्यापारात त्यांनी पोर्तुगिजांना पूर्वेच्या प्रत्येक बंदरात गाठायला सुरुवात केली होती आणि गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदीही केली होती. मांडवीच्या मुखावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती राजधानी, असा साधा हिशेब होता. किल्ल्यावर ७९ तोफा असल्याची नोंद सांगितली जाते. पण आग्वादचे खरे बळ तोफांपेक्षा पाण्यात होते. लिस्बनहून वसंतात निघालेली गलबते आफ्रिकेला वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी गोव्याला पोहोचत. पिंपातले पाणी तोवर सडलेले असे, खलाशी आजारी पडलेले असत. टेकाडाखालच्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर ही जहाजे भरून घेतली जात आणि किल्ल्याचे नावही या पाणी भरण्यावरूनच पडले. वरच्या किल्ल्यात जमिनीखाली सोळा खांबांवर तोललेले एक प्रचंड टाके आहे. त्यात २३ लाख ७६ हजार गॅलन, म्हणजे जवळपास एक कोटी लिटर पाणी मावत असे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वरोरा-भद्रावतीच्या माणसाने तर हे टाके जरूर पाहावे. चारशे वर्षांपूर्वी परक्या किनाऱ्यावर पाय रोवणाऱ्या सत्तेने पाण्याची तजवीज किती काटेकोरपणे केली होती, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

या किल्ल्याने मराठी फौजाही पाहिल्या. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर मोहीम काढली, तेव्हा आग्वादभोवतालच्या बारदेशात मराठ्यांचे घोडे दौडले. पुढे १७३९ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी जवळजवळ सगळा बारदेश घेतला. पोर्तुगिजांच्या हाती राहिले ते आग्वाद आणि रेइश मागुश हे दोनच किल्ले. दोन्ही मांडवीच्या मुखावरचे, दोन्हींना समुद्रातून कुमक मिळणारी. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत इंग्रजी पलटणी काही वर्षे गोव्यात येऊन राहिल्या आणि १८१३ मध्ये निघून गेल्या. १८६४ साली वरच्या किल्ल्यातले ते जुने दीपगृह उभे राहिले. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मठाची मोठी घंटा काही काळ या किल्ल्यावर होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही तिथेच वाजते. तोवर तोफांचा काळ सरला होता. किल्ल्याला लढाईचे काम उरले नाही. अशा रिकाम्या, तटबंद, तीन बाजूंनी पाणी असलेल्या जागेचा हुकूमशहाला एकच उपयोग सुचतो.

आंतोनियो सालाझार १९३२ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत सत्तेवर राहिला. त्याच्या राजवटीत वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, काहीही छापायचे झाले तर आधी सेन्सॉरची परवानगी लागे. गोव्यात या घुसमटीला पहिली मोठी फट पाडली ती डॉ. राममनोहर लोहिया यांनी. १९४६ च्या जूनमध्ये ते प्रकृतीला आराम म्हणून असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राच्या घरी आले होते. आराम बाजूला राहिला आणि १८ जून १९४६ रोजी मडगावला बंदी मोडून सभा झाली. दोघांना अटक झाली, मग सोडून देण्यात आले. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा आले, तेव्हा पोलिसांनी त्यांना कुळे स्टेशनवरच उतरवून घेतले आणि थेट आग्वादमध्ये आणून डांबले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यांची बाजू उचलून धरली. आठवडाभराने पोर्तुगिजांनी त्यांना हद्दीबाहेर सोडले.

लोहियांच्या आधी त्या कोठड्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा होते. चांदरचे हे गृहस्थ पॅरिसमध्ये शिकलेले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटीची स्थापना केली. जुलै १९४६ मध्ये त्यांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले आणि आठ वर्षांची शिक्षा झाली. काही काळ आग्वादच्या अंधाऱ्या, ओल्या कोठडीत काढल्यावर त्यांची रवानगी पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिश किल्ल्यात झाली. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही असेच समुद्रापार धाडण्यात आले. कुन्हा १९५३ मध्ये पोर्तुगालमधून निसटून मुंबईला पोहोचले आणि १९५८ मध्ये, गोवा मुक्त होण्याच्या तीन वर्षे आधी, तिथेच वारले. आज संग्रहालयात लोहिया आणि कुन्हा यांच्या नावाच्या कोठड्या दाखवल्या जातात. या कोठड्यांत पाऊल टाकले की चित्रफिती आणि प्रकाशयोजना यांची गरजच वाटत नाही. छत, भिंत, खिडकी यांमधले अंतर पुरेसे बोलते. जुन्या तुरुंगाचे संग्रहालय करताना मूळ भिंतींना शक्य तेवढे कमी सजवावे, असे ती जागा पाहून ठामपणे म्हणावेसे वाटते.

या तुरुंगात मराठी आवाज सर्वाधिक घुमले ते १९५५ नंतर. एप्रिल १९५५ मध्ये म्हापशात सुधाताई जोशी यांनी बंदी घातलेल्या गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि तुरुंग पत्करला. इकडे पुण्यात जयंतराव टिळक, केशवराव जेधे आदींच्या पुढाकाराने गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली होती. समाजवादी, जनसंघ, कम्युनिस्ट, हिंदुमहासभा असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या समितीत एका मांडवाखाली आले. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी सीमा ओलांडून गेली. बापट तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. नानासाहेब गोऱ्यांना बेदम मार बसला. मग शिरुभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये, बंगालचे खासदार त्रिदिब चौधरी अशी तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. लष्करी न्यायालयाने दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या आणि या मंडळींचा मुक्काम आग्वादला पडला.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की पुणे-मुंबईत वादविवादांत एकमेकांवर तुटून पडणारे हे पुढारी तिथे एकाच भिंतीआड महिनोन्‌महिने राहिले. संघाचे जगन्नाथराव आणि समाजवादी मधू लिमये यांच्या राजकारणात काही साम्य नव्हते. पोर्तुगीज पहारेकऱ्याच्या लेखी मात्र दोघेही सारखेच. १९५७ च्या सुरुवातीला या नेत्यांची सुटका झाली. लिमयांनी तिथे १९ महिने काढले होते.

१५ ऑगस्ट १९५५ हा त्या सत्याग्रहाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत रक्तरंजित दिवस. देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर सरळ गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचा तरुण शिक्षक कर्नेलसिंग इसरू पडला. मध्य प्रदेशातील सागरहून आलेल्या सहोद्राबाई राय हातात तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या, पुढे लोकसभेवर निवडून आल्या. इथे वरोऱ्याच्या वाचकाने थोडे थांबावे. १९५५ साली वरोरा महाराष्ट्रात नव्हते, कारण महाराष्ट्र राज्यच नव्हते. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती, आणि सागरही त्याच राज्यात होते. म्हणजे सहोद्राबाई त्या दिवशी ज्या राज्याच्या होत्या, त्याच राज्याचे वरोरेकरही होते. हे नाते आपण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सहज विसरून गेलो.

सत्याग्रहींबरोबर हत्यार उचलणारेही होते. सांगलीचे मनोहर आपटे हे मोहन रानडे या नावाने गोव्यात मराठी शाळामास्तर म्हणून राहिले आणि आझाद गोमंतक दलात काम करू लागले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन सापडले. शिक्षा झाली २६ वर्षांची. त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात ठेवण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. ज्या भूमीसाठी ते लढले ती स्वतंत्र झाल्यानंतरही सात वर्षे ते परमुलखातल्या किल्ल्यात होते. गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी स्वतः १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तीत भाग घेतला होता. रानड्यांच्या सुटकेसाठी त्यांनी समिती उभारून वर्षानुवर्षे खटपट केली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे अखेर बाहेर आले. २०१९ च्या जूनमध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले.

सालाझारच्या तुरुंगांचे हे जाळे सागर ओलांडून विणलेले होते आणि त्यात पोर्तुगालची स्वतःची माणसेही अडकली होती. गोव्यातील सत्याग्रहींना अमानुष मारहाण करणारा पोलीस अधिकारी काझिमिरो मोंतेरो पुढे सालाझारच्या गुप्त पोलिसांत काम करू लागला. १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेवर जनरल उंबेर्तो देल्गादो या विरोधी नेत्याचा खून झाला, त्यात त्याचाच हात होता. कुन्हांना जिथे ठेवले त्या पेनिशच्या किल्ल्यातून १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल साथीदारांसह तट उतरून पळाले. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली आणि दोनच दिवसांनी पेनिशचे दरवाजे उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पेनिशच्या किल्ल्यात आज प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. एप्रिल २०२४ मध्ये, कैद्यांच्या सुटकेला पन्नास वर्षे झाली तेव्हा ते पूर्णपणे खुले झाले. गोव्याचा आग्वाद आणि पोर्तुगालचा पेनिश, दोन्ही समुद्रकाठचे किल्ले, दोन्ही एकाच माणसाच्या राजवटीचे तुरुंग, आणि आता दोन्हीकडे कैद्यांची स्मृती जपली जाते. गोव्याच्या लढ्याकडे फक्त भारत विरुद्ध पोर्तुगाल असे पाहिले, तर या गोष्टीचा अर्धा भाग हातातून निसटतो.

आग्वादवर शेवटची गोळी झडली ती कैद्यांसाठीच. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय फौज मांडवीच्या उत्तर काठावर बेतीला पोहोचली. समोर पणजी दिसत होती, पण मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. जवळच आग्वादमध्ये राजकीय कैदी असल्याने त्यांना सोडवण्याची कामगिरी सातव्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांच्याकडे आली. किल्ल्यातील शिबंदीला शरणागतीचा आदेश अजून मिळालेला नव्हता. आतून गोळीबार झाला आणि मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सेहगल हे दोन अधिकारी धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या रात्री, गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा याने शरणागतीच्या कागदावर सही केली. शेवटच्या सैनिकापर्यंत लढा, हा सालाझारचा हुकूम त्याने पाळला नाही, त्यामुळे पणजी शहर वाचले. वरचा किल्ला पाहून परतणाऱ्या किती जणांना या दोन अधिकाऱ्यांची नावे ठाऊक असतात? गोवा मुक्ती सहज, रक्ताचा थेंब न सांडता झाली, असे बोलणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावीत.

मुक्तीनंतर चोपन्न वर्षे आग्वाद चोर-दरोडेखोरांचा नेहमीचा तुरुंग राहिला. किल्ल्याच्या खालच्या बुरुजालगत १९७४ मध्ये आलिशान हॉटेल आले, १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील देशांचे नेते तिथे विश्रांतीला येऊन गेले, आणि काही अंतरावर गजाआड कैदी होते. शेजारच्या रेइश मागुश किल्ल्यातला तुरुंग १९९३ मध्ये बंद झाला. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली तो किल्ला नेटका दुरुस्त होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला आणि तिथे मारियो मिरांडा यांची चित्रे लागली. आग्वादला अजून नऊ वर्षे लागली. उशीर झाला हे खरेच. तोवर आपली कोठडी दाखवत “इथे मी झोपायचो” असे सांगू शकणारे बहुतेक सत्याग्रही हयात नव्हते.

आता वरोऱ्याकडे. या जिल्ह्यात समुद्र नाही, पण किल्ला आहे आणि किल्ल्याच्या गावात तुरुंगही आहे. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आजही शहराच्या रोजच्या रहदारीत उभे आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून चांदा घेतला; किल्लेदार गंगासिंग लढता लढता मारला गेला. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, याच चांद्याच्या तुरुंगाजवळच्या पिंपळापाशी इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आले. त्या पिंपळाजवळ दरवर्षी आदरांजलीला माणसे जमतात. २००९ मध्ये टपाल खात्याने बाबूरावांचे तिकीट काढले. परकोटाच्या भिंतीवर उगवलेली झाडे-झुडपे उपटून तो स्वच्छ करण्याचे काम इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये शेकडो दिवस श्रमदानाने केले आणि ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. तट उघडा झाला. त्या तटाआड काय घडले ते सांगणारी जागा अजून हवी आहे.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वरोऱ्याजवळच्या चिमूरला पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा ठार झाला, आणि चवताळलेल्या लोकांच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. मग गोरे सोजीर गावात शिरले. चिमूरच्या बायांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. ती टळावी म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी दिल्लीपर्यंत धाव घेतली. तुकडोजी महाराजांना त्याच ऑगस्टमध्ये चंद्रपुरात अटक झाली. वरोऱ्यात वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे बेचाळीसच्या खटल्यांत आरोपींच्या बचावासाठी उभे राहिले आणि स्वतःही तुरुंगात गेले. कुष्ठरोग्यांसाठीचे आनंदवन त्यानंतरचे. बाबा आमट्यांचे हे आधीचे, काळ्या कोटातले रूप नव्या पिढीला फारसे माहीत नाही.

जिल्हा कारागृह चालू आहे, ते उद्या रिकामे करून संग्रहालय करा असे कोणी म्हणणार नाही. पण संग्रहालयाला आधी इमारत लागत नाही, कागद लागतात. शिक्षेचा आदेश, तुरुंगातून आलेले सेन्सॉरचा शिक्का असलेले पत्र, जामिनाची पावती, स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनासाठी लिहिलेला अर्ज. बेचाळीसच्या किंवा गोवा सत्याग्रहाच्या आठवणी घरात असणारी कुटुंबे वरोरा, भद्रावती, चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी या भागात असतील. अशा घरांतले कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. या दिवाळीत ती पेटी उघडा, एकेक कागदाचा फोटो काढा, मागे नाव, गाव आणि साल लिहा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत देऊन पोच घ्या. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांचे बोलणे मोबाइलवर टिपून ठेवा. आग्वादला हे काम साठ वर्षे उशिरा सुरू झाले. चिमूरच्या बाबतीत ८० वर्षे आधीच होऊन गेली आहेत.